रविवारची खतावणी

डिसेंबर महिना आला की वर्तमानपत्रांना थोरामोठ्यांच्या वाचनाची काळजी वाटू लागते. ‘सरत्या वर्षात आपण काय वाचलंत?’ असं ती पंधरावीस नामवंतांना विचारतात, आणि हा प्रश्न येणार हे जानेवारीपासूनच ठाऊक असल्यासारखी नामवंत मंडळी उत्तरं देतात. ‘यंदा काही जमलं नाही बुवा’ असं म्हणणारा नामवंत अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. कुणी लॅटिन अमेरिकेतली कादंबरी वाचलेली असते, कुणी पोलिश कविता. पुस्तक हाती घेतलं, चाळिसाव्या पानावर डोळा लागला आणि जाग आली तेव्हा पुस्तक कॉटखाली होतं, असं नामवंतांचं होत नसावं. माझं होतं. मला हा प्रश्न आजवर कुणा संपादकानं विचारलेला नाही. एकदा आमच्या हिनं विचारला होता, पण तिचा सूर निराळा होता. “एवढं वर्षभर वाचता तरी काय?” असं ती म्हणाली होती, आणि तिच्या हातात केरसुणी होती.

तरी यंदा मी न विचारता उत्तर देणार आहे. कारण यंदा माझ्यापाशी लेखी पुरावा आहे.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. निवृत्त झालो आणि नोटा मोजायची सवय गेली, हिशेब लिहायची काही गेली नाही. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, व्यापारी लोक वह्यांची पूजा करतात त्याच मुहूर्तावर, मीही एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आणली. पहिल्या पानावर ‘श्री’ काढला आणि रकाने आखले. तारीख, पुस्तक, पानं जमा, पानं बाकी, शेरा. यंदाच्या पाडव्याला ती खतावणी बंद केली. एकूण तेवीस पुस्तकं हाती घेतली. त्यातली चौदा पुरी झाली, असं मी पाडव्याच्या सकाळपर्यंत समजत होतो. सहा थकबाकीत, म्हणजे वसुलीची आशा आहे. तीन बुडीत.

तेवीस हा काही छाती फुगवण्याजोगा आकडा नव्हे. पण तुम्ही म्हणण्याआधी सांगतो, यातली काही पुस्तकं मी मोठ्यानं वाचली आहेत. दादांना.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. जन्मभर मास्तर आणि शेवटी हेडमास्तर. निवृत्तीनंतर त्यातला ‘हेड’ तेवढा गेला. आम्ही दोघंही सांगलीतच. मी गावभागात, ते विश्रामबागेत. त्यांना काचबिंदू झाला. हा रोग चोरासारखा येतो म्हणतात. आमच्याकडे तो चोरासारखा आला आणि घरजावयासारखा राहिला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही. आता उजेड आहे की अंधार एवढं कळतं. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं, आणि दादा त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसलेले.

पुतण्या बंगळूरला असतो. त्यानं आपल्या वडिलांच्या फोनमध्ये बोलणारी पुस्तकं भरून दिली. दादांनी दोन दिवस ऐकली आणि फोन वहिनींकडे परत केला. मला म्हणाले, “बाई चांगलं वाचते रे. पण मध्येच थांबवून काही विचारता येत नाही. आणि ती चुकत नाही. चूकच काढता येत नसेल तर ऐकायचं कशासाठी?”

चुका पुरवण्याच्या या जागेवर माझी नेमणूक झाली. दर रविवारी चार ते सहा. साडेचारला चहा.

पहिलं पुस्तक दादांनीच निवडलं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ सालचं. बारा महिन्यांवरचे लेख. अट अशी की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, आगाऊ उचल नाही. आता पुस्तक सुरू होतं चैत्रापासून आणि आम्ही बसलेलो कार्तिकात. “मधूनच सुरू करायचं?” मी विचारलं. “अरे, चक्र आहे ते. त्याला सुरुवात कुठली?” हेडमास्तरांशी वाद घालू नये.

या पुस्तकाबद्दल मी चाळीस वर्षं ‘काय शैली आहे!’ असं म्हणत आलो होतो. शैलीबद्दल असं म्हणायला पुस्तक वाचावं लागत नाही. माझी आपली समजूत अशी, की निसर्गावरचं लेखन म्हणजे चांदणं, दंव, हुरहूर, आणि ज्यांना बँकेत जायचं नसतं त्यांचे उसासे. पण मोठ्यानं वाचायला लागलो आणि तिसऱ्या परिच्छेदाला सावध झालो. बाई झाडाकडे पंचनाम्याला आल्यासारख्या बघतात. पानाचा रंग कोणता, फूल फांदीवर कसं बसलंय, खाली सडा कसला पडलाय. मग त्या पंचनाम्यावर सही करायला जुने संस्कृत कवी बोलावतात. उसासा कुठेच नाही. बघण्याचा आनंद मात्र इतका की वाचता वाचता माझी मान आपोआप खिडकीकडे वळायची.

ते दादांच्या लक्षात आलं. चैत्रातल्या एका रविवारी मला मध्येच थांबवून म्हणाले, “समोर पिंपळ आहे ना? पालवी कशी आहे?”

“हिरवी.”

“चैत्रात? गॅलरीत जाऊन नीट बघ.”

मी गेलो. कोवळी पानं तांबूस होती. उन्हात तर तांब्याची वाटीच घासून ठेवल्यासारखी चमकत होती. त्या पिंपळाखाली मी वीस वर्षं स्कूटर लावत आलो होतो. आत येऊन रंग सांगितला. दादा काही बोलले नाहीत, नुसते “हं” म्हणाले. पण ते ‘हं’ पेपर तपासून झाल्यावरचं होतं. तेव्हापासून मला आठवडाभर झाडं बघत हिंडावं लागतं, कारण रविवारी तोंडी परीक्षा असते. शिरीष फुलला का? बहाव्याचं काय? कावळ्यांनी घरटं धरलं का? भाजी आणायला जाताना मी वर बघत चालतो. ही म्हणाली, “अहो, मान अवघडलीय का? डॉक्टरांना दाखवून या.” तर ‘ऋतुचक्र’, शेरा: उत्तम. या पुस्तकाचं व्याज अजून चालू आहे.

आता नाजूक खातं. ‘ययाति’.

वि. स. खांडेकर आमच्या सांगलीचे. १८९८ साली ते इथं जन्मले याचा आम्हाला अभिमान आहे. पुढं त्यांनी सगळं मोठेपण शिरोड्याला आणि कोल्हापूरला जाऊन मिळवलं, ते सोडून द्या. ‘ययाति’ आली १९५९ साली. तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला मिळालेला पहिलाच. पण माझ्याकडे ती त्याच्या किती तरी आधी आली. १९६८ साली मी एस. एस. सी. झालो तेव्हा दादांनी बक्षीस दिली. मी ती एका रात्रीत वाचली आणि सकाळी उठलो तो विचारवंत होऊनच. कॉलेजची दोन वर्षं मी वासना आणि त्याग यांच्याखालचं काही बोलत नसे. वासनेचा अनुभव नव्हता आणि त्यागाला काही नव्हतं.

दादांनी तीच प्रत आणायला सांगितली. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

“पहिलं पान वाच.”

“तेच वाचतोय.”

“त्याच्या आधीचं.”

आधीच्या पानावर दादांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘चि. बाळास, एस. एस. सी. उत्तीर्ण झाल्याबद्दल शुभाशीर्वाद. गणितात आणखी मिळायला हवे होते.’ हे मी साफ विसरलो होतो. दादा विसरले नव्हते.

मग कादंबरी सुरू झाली आणि मी घाबरलो. डोळ्यांनी वाचताना माणूस सुभाषितांवरून घरंगळत जातो, त्याला काही लागत नाही. जिभेला लागतं. ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. बोलण्याची पाळी बदलते, बोलणं बदलत नाही. राजाला दुःख झालं तरी उपमा, दासीला झालं तरी उपमा, आणि एक उपमा संपून आपण श्वास घ्यावा तो तिची धाकटी बहीण दारात उभी. जीवन कसं आहे हे इतक्यांदा सांगितलं जातं की जीवनाला स्वतः काही करून दाखवायला जागाच उरत नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ज्यानं आपल्याला मोठं केलं त्या माणसाच्या घरी खूप वर्षांनी जावं आणि तो एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतोय हे ध्यानात यावं, तसं.

चौथ्या रविवारी मी एक गुन्हा केला. एका परिच्छेदात तीन उपमा होत्या, त्यातली मधली गाळली. कुणाला कळलं नाही. पुढच्या पानावर दोन गाळल्या. त्यानंतर मात्र माझा हात सैल सुटला. कॅशियरनं आयुष्यात जे केलं नाही ते मी खांडेकरांच्या रोकडीतून केलं. दादा डोळे मिटून ऐकत होते. एकदाच म्हणाले, “आज पानं भराभर उलटतायत.” मी म्हणालो, “पंख्याचा वारा.”

शेवटी एका रविवारी चहा पिताना मी धीर करून बोललो. म्हटलं, “दादा, ही आता जास्त गोड लागते.”

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी नोकरीला लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आटपाडी तालुक्यातलं गाव. शाळा एका खोलीची. संध्याकाळी सात वाजले की सगळं गाव झोपायचं आणि मी कंदील लावून बसायचो. माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. त्या कंदिलापाशी हे पुस्तक माझ्याशी इतकं सजवून, इतकं मान देऊन बोलायचं. तुला आज जे जास्त होतंय ना, ते मला तेव्हा पुरत नव्हतं.” चहाचा कप चाचपून खाली ठेवत म्हणाले, “शेवटी शेवटी त्यांनाही दिसत नव्हतं, ठाऊक आहे ना? खांडेकरांना?”

ठाऊक होतं. पण कधी लक्षात ठेवलं नव्हतं.

खतावणीत शेरा काय लिहायचा ते मला कळेना. टीकाकारांचं बरं असतं. पुस्तक आणि ते, दोघंच. माझ्यासारख्याला पुस्तकाबद्दल वाईट बोलायचं तर मध्ये एक कंदील येतो. तरी माझं मत मी बदललेलं नाही. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ मी यंदा घरी, एकट्यानं, डोळ्यांनी वाचायला घेतलं, तिथंही मला हेच जाचलं. सहा जण आळीपाळीनं आपली हकिगत सांगतात, आणि डोळे मिटले तर कोण बोलतंय ते कळू नये. कर्णाची व्यथा खरी आहे, तिनं मला आजही धरून ठेवलं. पण त्याचा भाऊ, त्याची बायको आणि खुद्द कृष्ण एकाच शाळेत वक्तृत्वाला पहिले आलेले दिसतात. तीनशे पानांवर थकबाकी.

बुडीत खात्यांबद्दल फार बोलत नाही. त्यातली दोन आत्मचरित्रं आहेत, लेखकांनी स्वहस्ते भेट दिलेली. साठीनंतर माणसाला गुडघेदुखी तरी होते नाही तर आत्मचरित्र. दोन्हींत तो भेटेल त्याला सविस्तर सांगतो. एकात सोळा फोटो होते आणि सोळाही फोटोंत लेखक शाल घेत होते. देणारे तेवढे बदलत होते. तिसरं बुडीत पुस्तक एकवीस दिवसांत यशस्वी कसं व्हावं याबद्दल होतं. बाविसाव्या दिवशी ते मी वाचनालयाला परत केलं.

बाबूराव अर्नाळकरांचा एक ‘झुंजार’ रद्दीत सापडला. हजारांवर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. दहाव्या वर्षी मी तो भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. यंदा वर्तमानपत्रात लपवून वाचला. चोर पाचव्या पानावर ओळखला आणि फार वाईट वाटलं. काही पुस्तकांना आपल्या अडाणीपणाची गरज असते, आणि तो एकदा खर्च झाला की परत मिळत नाही.

आता जमेची बाजू. ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ ते ३६ या काळात चार भागांत निघालं, आणि शेवटचा भाग यायच्या सुमाराला बाई गेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मी हे पुस्तक शाळेत धड्यापुरतं वाचलं होतं, म्हणजे परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येईल या भीतीनं. वाचनालयात मागितलं तर आतल्या कागदावरचा शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा. ग्रंथपाल माझ्याकडे असं बघू लागले, जणू मी लॉकर उघडायला आलो आहे.

पहिल्या रविवारी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं प्रकरण वाचलं. दादा हसायला लागले. मीही. म्हातारी माणसं हसतात तेव्हा आधी खोकतात, त्यामुळे वहिनी पाणी घेऊन आल्या. पाणी दिलं आणि दारातच थांबल्या. पुढच्या रविवारी त्या खुर्ची घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी ही माझ्याबरोबर यायला निघाली. “मला वहिनींकडे लोणच्याचं विचारायचंय,” म्हणाली. लोणच्याचं विचारणं दोन महिने चाललं.

या पुस्तकात काय आहे? नवरा कवी आहे, उदार आहे, तापट आहे, न सांगता घरातून निघून जाणारा आहे. १८९५ साली तो ख्रिस्ती होतो आणि बाई माहेरच्या माणसांत, नातेवाइकांत, एकट्या पडतात. पाच वर्षांनी त्या स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर येतात. एवढ्या ऐवजावर खांडेकरांनी दोन कादंबऱ्या आणि शंभर सुभाषितं काढली असती. बाई काय करतात? सांगतात. अमुक झालं, मग तमुक झालं, मी असं म्हटलं, टिळक तसं म्हणाले. आता रडा, अशी सूचना कुठं नाही. हसा, अशीही नाही. नवऱ्याची फजिती सांगताना सुद्धा त्याच्यावरचं प्रेम तसूभर कमी होत नाही, आणि प्रेम आहे म्हणून फजिती सांगायची राहत नाही. वाचताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. बाई लिहीत नव्हत्या, बोलत होत्या, आणि मी नुसता त्यांचा निरोप पोचवत होतो. ‘शैली’ हा शब्द मी त्या रविवारांत एकदाही वापरला नाही.

टिळक घर सोडून जातात असा एक भाग संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तेवढं परत वाचा.” परत वाचलं. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “असं लिहायचं असतं होय पुस्तकात? मग मलाही येईल की.”

दादा चमकून म्हणाले, “काय लिहिशील?”

“ते तुम्हाला कशाला? तुम्हाला कुठं वाचता येणार आहे!”

हे ऐकून मी पुस्तकात तोंड घातलं. पण सगळ्यांत मोठ्यानं हसले ते दादा. काचबिंदू झाल्यापासून त्या घरात डोळ्यांवरून कुणी थट्टा केलेली नव्हती. सगळे जपून, दबकून बोलायचे, ‘बघा’ हा शब्द सुद्धा गाळायचे. त्या दिवशी ते संपलं. हे श्रेय मी लक्ष्मीबाईंच्या खात्यावर जमा केलं आहे.

त्याच जातीचं दुसरं पुस्तक गोडसे भटजींचं, ‘माझा प्रवास’. कुलाब्याकडचं वरसई गाव. डोक्यावर कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून विष्णुभट गोडसे १८५७ साली ग्वाल्हेरच्या वाटेला लागतात आणि नेमके बंडात सापडतात. झाशीला वेढा पडतो तेव्हा हे गावात. कंपू, कत्तल, लुटालूट, पळापळ सगळं बघतात, आणि मिळवलेलं सगळं लुटलं जाऊन शेवटी गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन घरी येतात. दादांनी नकाशा काढायला लावला. नकाशावर बोट माझं, पण वाट दादा सांगणार; भूगोल त्यांना पाठ. इतिहासकार झाशी सांगतात तेव्हा वरून सांगतात, घारीसारखं. भटजी जमिनीवरून सांगतात. प्रलय चालू असताना सुद्धा कुणी किती दक्षिणा दिली आणि जेवायला काय होतं हे विसरत नाहीत. माझ्यातला कॅशियर गहिवरला.

यात एक गंमत आहे. हे पुस्तक १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रथम छापलं, पण आपल्या हातानं भाषा घासूनपुसून. भटजींच्या मूळ मोडी लिखाणाप्रमाणे ते आलं १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. मी दोन्ही आणली होती. दादांनी एकच प्रसंग दोन्हींतून वाचायला लावला आणि म्हणाले, “पहिला निबंध आहे. दुसरा माणूस आहे.” वैद्य थोर विद्वान, त्यांचे उपकारच आहेत, पण दुसऱ्याचं लेखन सुधारायचा मोह विद्वानांना आवरत नाही. मी तरी काय करत होतो? मी नुसता गाळत होतो.

‘बनगरवाडी’ तीन रविवारांत संपली. माडगूळकरांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच, म्हणजे दादांचा मुलूख. धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर जातो आणि शाळेत पोर नाही, इथं दादा उठून बसले. “बरोबर! पहिला दिवस असाच.” मग ऐकता ऐकता त्यांची स्वतःचीच बनगरवाडी सुरू व्हायची आणि माझं बोट ओळीवर तसंच राहायचं. तालीम बांधायचं प्रकरण वाचून झाल्यावर आपण तिथं विहिरीचा गाळ कसा काढवून घेतला ते त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. माडगूळकर थांबले. त्यांना थांबायची सवय असावी, पुस्तकातही ते असेच थांबतात, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मेंढरं जातात, माणसं जातात, आणि लेखक एका शब्दानं मध्ये पडत नाही. शेवटचं पान वाचल्यावर आम्ही दिवा न लावता बसून राहिलो. दादांना दिव्याचं काही नव्हतं, मला उठवत नव्हतं. जी. ए. कुलकर्ण्यांची मात्र एकच कथा झाली, ‘काजळमाया’तली. त्या रात्री दादांना झोप लागली नाही आणि वहिनींनी त्या लेखकाला घरात बंदी केली.

राहता राहिले नेमाडे. ‘कोसला’ माझ्या तरुणपणी बगलेत धरून हिंडायचं पुस्तक होतं. १९६३ सालचं. मला वाटलं होतं, पांडुरंग सांगवीकराचा तो कंटाळा आता मला पोरकट वाटेल. थोडा वाटलाही, वसतिगृहाच्या उचापती जरा लांबल्या. पण मनी जाते ती पानं आली आणि माझा आवाज बंद पडला. घसा खाकरला, पाणी प्यायलो, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. दादा म्हणाले, “राहू दे. मला माहीत आहे पुढं काय आहे.” देवीच्या साथी त्यांनी गावात बघितलेल्या.

‘हिंदू’ माझ्याकडे २०१० पासून उशाला आहे. मोहेंजोदारोच्या उत्खननातून मी कधी वर आलोच नव्हतो. मोठ्यानं वाचायला घेतली आणि निराळीच निघाली. शेतीची अवजारं, शिव्या, ओव्या, नातीगोती, जातीपाती, याद्याच्या याद्या. डोळ्यांना तो ढिगारा वाटतो, कानाला तो बाजाराचा दिवस वाटतो. दादांनी कित्येक शब्द पंचेचाळीस वर्षांनी ऐकले म्हणून पुन्हा म्हणायला लावले. सहा रविवार मजेत गेले, मग दोघंही दमलो. थकबाकी आहे, पण खातं जिवंत आहे.

यंदाच्या पाडव्याला सकाळी मी खतावणी घेऊन दादांकडे गेलो आणि ओवाळणं आटपल्यावर ती त्यांना वाचून दाखवली. ‘स्मृतिचित्रे’, पानं जमा: सर्व. ‘माझा प्रवास’, सर्व. ‘ययाति’, सर्व.

“सर्व?” दादांनी विचारलं.

मी गप्प.

“देवयानीच्या भागात चार ठिकाणं. शर्मिष्ठेच्या भागात नऊ. ययातीचं तर मी मोजायचंच सोडून दिलं.” दादांच्या आवाजात राग नव्हता. कॉपी करणाऱ्या पोराची चिठ्ठी नुसती उचलून टेबलावर ठेवावी तसा तो आवाज होता. “अरे, ते पुस्तक मला पाठ आहे. तू गाळायचास तिथं मी मनात म्हणून घ्यायचो.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू यायचा बंद झाला असतास तर?”

वहिनी फराळाचं ताट ठेवून आत गेल्या. मी पेन काढलं आणि खतावणीतला आकडा खोडला. बँकेत असतो तर खोडाखोडीखाली सही करावी लागली असती. म्हणून तीही केली. तेरा पुरी, सात थकबाकी, तीन बुडीत.

कार्तिक पुन्हा लागला आहे. दुर्गाबाईंचा लेख गेल्या रविवारी वाचून झाला. येत्या रविवारी चार वाजता ‘ययाति’, पान पहिलं, म्हणजे त्याच्या आधीचं. पंखा बंद ठेवायला सांगितलंय.